मदत हवी आहे: जिताडा (बारामुंडी) माशाला कमाल लांबीची मर्यादा ठेवावी का?

रायगडच्या खाड्यांत गरीने मासे धरणारा आमचा छोटा गट आहे. घरी खाण्यापुरतेच नेतो, विकत नाही, जाळं वापरत नाही. यंदापासून जिताड्यासाठी आपापसात नियम ठरवायचाय आणि त्यावरून जोरात वाद चाललाय.

छोटे सोडायचे, हे सगळ्यांना मान्य आहे. भांडण मोठ्यांवरून आहे. जिताडा आधी नर असतो आणि वाढल्यावर मादी होतो. ऑस्ट्रेलियात हा बदल साधारण 80 ते 100 सेंटीमीटरच्या टप्प्यात दिसतो. म्हणजे फोटोसाठी मिरवतो तो मोठा मासा बहुतेक अंडी देणारी मादीच. मला तरी ती सोडायलाच हवी असं ठामपणे वाटतं. तिथल्याच क्वीन्सलंड राज्याच्या पूर्व किनाऱ्यावर 58 ते 120 सेंटीमीटरमधलेच ठेवता येतात, माणशी पाच. पण तिथलं माप इथे जसंच्या तसं लागू पडेल असं वाटत नाही. महाराष्ट्र सरकारची किमान आकारमानाची 54 जातींची यादी वाचली, पण तिचा रोख लहान मासे वाचवण्यावर आहे.

कोकणच्या खाड्यांतला जिताडा किती लांबीला मादी होतो, हे कुणी पोट फाडताना पाहून नोंदवलंय का? आणि उन्हाळ्याच्या कोमट पाण्यात दमवलेली मोठी मादी सोडल्यावर खरंच जगते का?