मांजर मतलबी नाही हो

"कुत्रा इमानी, मांजर मतलबी" असं लोक म्हणतात, ते मला अजिबात पटत नाही. सोलापुरात साखर पेठेतल्या आमच्या घरात दोन्ही आहेत. कुत्र्याचे पूर्वज लांडगे, कळपानं शिकार करणारे, म्हणून तो सारखा आपल्या तोंडाकडे बघत असतो. मांजराचा पूर्वज म्हणजे आफ्रिकेतलं रानमांजर, एकट्यानं उंदीर मारणारं. त्याला हुकूम ऐकायची सवय लागणार कुठून?

जानेवारीत सिद्धेश्वराच्या गड्ड्याच्या यात्रेत होम मैदानावर शोभेचं दारूकाम सुरू झालं की आमचा मोत्या थरथरत आईच्या पायांशी घुसतो, तोंड तिच्या पदरात. मनी माळ्यावर चादरींच्या गठ्ठ्यामागे जाऊन बसते. कितीही हाका मारा, येत नाही. सगळं शांत झाल्यावर तासाभरानं हळूच उतरते आणि प्रत्येकाच्या पायाला गाल घासत फिरते. मांजराच्या गालात गंधाच्या ग्रंथी असतात. तो वास लावणं म्हणजे "ही माणसं माझी" असं सांगणंच. याला माया नाही तर काय म्हणायचं? भीती वाटली की एक माणसाकडे धावतो, दुसरी आडोसा शोधते, एवढाच फरक.

आणि एक कळकळीनं सांगते, मोत्या भाकरी पचवतो म्हणून मनीलाही नुसत्या दूध-भाकरीवर ठेवू नका. मांजराला टॉरिन नावाचं पोषकद्रव्य लागतं, ते मांस-मासळीत असतं. ते कमी पडलं तर डोळे जातात, हृदयही कमजोर होतं.