शब्दचर्चा : इंजिन विमानाला ‘जोडतात’ की ‘बसवतात’?

भाषांतरवाली :
नमस्कार मंडळी. अकरावी-बारावीच्या मुलांसाठी विमानांवरचा एक मजकूर मराठीत करते आहे. ‘थ्रस्ट’ (पुढे ढकलणारा जोर), ‘ड्रॅग’ (हवेचा अडथळा) इथपर्यंत गाडी कशीबशी आली आणि ‘एअरफ्रेम-इंजिन इंटिग्रेशन’पाशी, म्हणजे विमानाचा सांगाडा आणि इंजिन एकमेकांशी जुळवण्यापाशी, रुतली. ‘एकात्मीकरण’ लिहून पाहिलं, तर शाळेतला राष्ट्रीय एकात्मतेवरचा निबंध आठवला. ‘जोडणी’ म्हटलं की गॅसची जोडणी. शिवाय मजकुरात ‘अनइन्स्टॉल्ड’ आणि ‘इन्स्टॉल्ड’ थ्रस्ट असे दोन आकडे आहेत, पहिला मोठा, दुसरा लहान. इंजिन तेच, मग जोर कमी का? अर्थच कळला नाही तर शब्द कुठून आणू?

जुना फिटर :
ताई, सांताक्रूझला इंजिनांच्या शॉपमध्ये उमेदीची वर्षं घालवली, म्हणून बोलतो. आमच्याकडे एकच शब्द, ‘बसवणे’. ‘दोन नंबर बसवलं का रे?’ एवढंच.
आता आकडे. इंजिन आधी टेस्ट सेलमध्ये, म्हणजे चाचणीच्या खोलीत, चालवतात. तिथे त्याच्या पुढे घंटेच्या तोंडासारखी गुळगुळीत कड लावलेली असते, हवा न अडखळता आत जाते. आणि तिथे त्याच्यामागे दुसरं काम नसतं. हा तुमचा मोठा आकडा. विमानावर गेलं की संसार सुरू. केबिनच्या एसीला, पंखाच्या कडेवरचा बर्फ वितळवायला कॉम्प्रेसरमधली, म्हणजे इंजिनाच्या हवा दाबणाऱ्या भागातली, हवा काढून घेतात. जनरेटर आणि हायड्रॉलिक पंप त्याच्याच गिअरबॉक्सवर लटकतात. आत येणारी हवा वाटेत थोडा दाब गमावते. वर बाहेरच्या आवरणाला वारा घासतो तो वेगळाच. एवढं सगळं वजा जाऊन उरतो तो लहान आकडा.

गोरेगावकर :
म्हणजे ग्रॉस पगार आणि हातात येणारा पगार! पीएफ गेला, टॅक्स गेला, सोसायटीचं कर्ज गेलं. ‘ग्रॉस जोर’ आणि ‘हातातला जोर’ लिहा, विषय संपला.

पवईकर :
उपमा फक्कड, पण पुस्तकात घालू नका. ‘ग्रॉस थ्रस्ट’ हा शब्द आधीच दुसऱ्या कामावर आहे. मागे फेकलेल्या झोताचा पुरता जोर म्हणजे ग्रॉस. उडत्या विमानात समोरून येणारी हवा इंजिन आधी थोपवून आत घेतं, त्याचा रोध वजा केला की नेट. धावपट्टीवर उभ्या विमानात दोन्ही सारखेच. मुलं पुढे इंजिनिअरिंगला गेली की तुमच्या पगारामुळे गोंधळतील.
मी ‘सुट्या इंजिनाचा रेटा’ आणि ‘बसवलेल्या इंजिनाचा रेटा’ म्हणेन. लांब आहे, पण चुकत नाही.

शुद्धमराठी :
रेटा? कोशातला ‘प्रणोद’ असताना?

गोरेगावकर :
दादरला संध्याकाळची विरार पकडणाऱ्याला रेटा शिकवावा लागत नाही. प्रणोद आयुष्यात एकदाही लागलेला नाही.

शुद्धमराठी :
मान्य. पण मग ड्रॅगला ‘ओढ’ करू नका, एका अनुवादात पाहिलंय. ओढ माहेरची असते, हवेची कसली? ‘रोध’ बरा. आणि परफॉर्मन्सला ‘कार्यक्षमता’ तर मुळीच नको. तो शब्द इफिशियन्सीचा. एखाद्या इंजिनाची कामगिरी दणदणीत आणि कार्यक्षमता रडकी असू शकते, जुनी लढाऊ विमानं बघा.
जाता जाता : ‘पंखाखाली’ आणि ‘पंख्याखाली’ जपा. पहिला विंग, दुसरा फॅन. आमच्या एका प्रूफ वाचणाऱ्यांनी एका लेखात सगळीकडे ‘पंख्याखाली’ करून ठेवलं होतं. अख्खं विमान छताला टांगल्यासारखं वाटत होतं.

भाषांतरवाली :
रेटा, रोध, कामगिरी घेतले. पण ‘बसवणे’ मला लहान वाटतो. चार बोल्ट आवळले, झालं, असा.

पवईकर :
लहान कसा? गणपती बसवतो, तेव्हा आणून पाटावर ठेवतो. नाटक बसवतो, तेव्हा नटांना खुर्चीवर बसवत नाही. दोन महिने तालमी होतात, एकाची जागा बदलली की दुसऱ्याचं वाक्य बदलतं. तुमचं इंटिग्रेशन हे नाटक बसवणं आहे.
बोइंग ७३७ घ्या. १९६७ मध्ये पहिल्यांदा उडालं तेव्हा इंजिनं सिगारेटसारखी बारीक, म्हणून विमान जमिनीलगत ठेवलं. पुढे इंधन वाचवायचं तर मोठा पंखा हवा : जास्त हवा, पण कमी वेगानं मागे ढकलायची. १९८४ ला उडालेल्या ७३७-३०० च्या इंजिनाचा पंखा सुमारे दीड मीटरचा. खाली जागाच नाही! मग पोटाखालचा गिअरबॉक्स बगलेत सरकवला आणि आवरणाचं तोंड खालून चपटं केलं. पुढच्या वेळी तुमच्या खिडकीसमोर उभं असेल तर बघा, तोंड गोल नाही. ७३७ मॅक्सला पंखा आणखी मोठा, पावणेदोन मीटरच्या आसपास. इंजिन पुढे आणि वर सरकवलं, नाकाचं चाक आठ इंच उंच केलं. पण नाक बरंच वर असताना ते पुढे आलेलं आवरणच विमानाला आणखी वर उचलू लागलं. ते आवरायला सॉफ्टवेअर घातलं, आणि ते एकाच सेन्सरवर विसंबलं. २०१८ आणि २०१९ च्या दोन अपघातांत मिळून ३४६ माणसं गेली. बोल्ट पक्के होते हो, नाटक नीट बसलं नव्हतं.

जुना फिटर :
उलटंही होतं. वरळीला नेहरू विज्ञान केंद्राच्या आवारात ‘मरुत’ हे आपलं लढाऊ विमान उभं आहे, नातवाला दाखवून आणलं. बंगळूरला कुर्ट टँक या जर्मन इंजिनिअरनं आखलेलं, १९६१ मध्ये उडालं. अंग ध्वनीच्या दुप्पट वेगाच्या बेतानं शिवलेलं, पण हवं ते ताकदवान इंजिन मिळालंच नाही. दोन ऑर्फियस इंजिनांवर भागवलं. ठरवलेला वेग शेवटपर्यंत आला नाही.

गोरेगावकर :
थोरल्या भावाचा कोट धाकट्याला.

पवईकर :
अगदी. कोट उत्तम, अंगच भरलं नाही.

भाषांतरवाली :
पटलं. शीर्षक ‘विमानावर इंजिन बसवताना’ करते आणि पहिल्याच परिच्छेदात नाटकाची गोष्ट घालते. आता शेवटचं : इंजिनाभोवतीचं ते ‘नॅसेल’? ‘खोळ’ चालेल का? मूळ फ्रेंच शब्द म्हणजे छोटी होडी म्हणे.

शुद्धमराठी :
खोळ उशीची. ‘आवरण’ लिहा.

जुना फिटर :
त्याची उघडणारी दारं म्हणजे काऊलिंग. बंद करताना बोट सापडलं की त्याला अस्सल मराठी शब्द होते, पण ते इथे लिहिता यायचे नाहीत.