जहाजावरून उतरलेल्या वडिलांची पेन्शन नक्की कुठून चालू करायची?

तासगावचा_पोरगा
नमस्कार मंडळी. आमचे अण्णा (वडील) मर्चंट नेव्हीत, म्हणजे व्यापारी जहाजांवर होते, साधे खलाशी म्हणून लागले आणि बोसन (डेकवरच्या खलाशांचे मुकादम) होऊन उतरले, शेवटचं साइन ऑफ, म्हणजे जहाज सोडणं, मागच्या वर्षी झालं, वय आता ६१. गावात सगळ्यांचा समज असा की 'नेव्हीत' होते म्हणजे पेन्शन असणारच. नोव्हेंबरात शेजारचे सुभेदार हयातीच्या दाखल्यासाठी बँकेत निघाले तर हे पण आधार कार्ड घेऊन त्यांच्याबरोबर लायनीत उभे, दीड तासानं नंबर आला तर खिडकीवरच्या मॅडमनी पीपीओ नंबर, म्हणजे पेन्शनच्या आदेशाचा नंबर विचारला. ह्यांनी खिशातनं सीडीसी, म्हणजे खलाशाच्या नोकरीच्या नोंदीचं पुस्तक, काढून दिली. मॅडमनी पासपोर्ट समजून उलटीपालटी केली आणि परत दिली. तेव्हापासनं अण्णा गप्प आहेत.

तर विचारायचं असं की पेन्शन आहे का नाही मुळात? सुरवातीची बारा-तेरा वर्षं भारतीय कंपनीची जहाजं, नंतर सगळं फॉरेन फ्लॅग, म्हणजे परदेशात नोंदलेली जहाजं. उमंग ॲपवर पीएफ शोधला तर काहीच दिसत नाही. एनआरई (एनआरआयच्या) खात्यात एफडी आहेत त्या आपोआप रिन्यू होतात. चुलते म्हणतात सगळं काढून अजून दोन एकर द्राक्षबाग करू, मेव्हणे म्हणतात आमच्या पतसंस्थेत ठेवा, टक्का दीड टक्का जास्त देतो. कुणाला अनुभव असेल तर सांगा.

इंजिनरूम_सातारा
मी फिटर होतो, पाच वर्षं झाली उतरून. आमच्याकडं तर अजून अवघड, जिल्ह्यात अपशिंगे मिलिटरीसारखी गावं, घरटी फौजी, त्यामुळं युनिफॉर्म घातलेल्या प्रत्येकाला पेन्शन असं लोकांच्या डोक्यात पक्कं बसलंय. स्पर्श हे पेन्शनचं पोर्टल डिफेन्सवाल्यांचं, आणि पीपीओ ज्यांना पेन्शन मंजूर झाली त्यांनाच असतो. मर्चंट नेव्ही म्हणजे खाजगी कंपनीची कंत्राटी नोकरी, तिथं फौजीसारखी सरकारी पेन्शन नसते. अण्णांचं काही अडकलेलं नाही, ते चुकीच्या लायनीत उभे होते इतकंच.

आता पीएफ. उमंगवर सापडणार नाही कारण खलाशांचा पीएफ ईपीएफओकडं (नेहमीच्या नोकरदारांच्या पीएफ ऑफिसकडं) नसतोच, त्याचा १९६६ चा वेगळा कायदा आहे, सीमेन्स प्रॉव्हिडंट फंड, ऑफिस मुंबईत बॅलार्ड इस्टेटला. खातं पण वेगळं, यूएएनचा (ईपीएफच्या खाते नंबरचा) काही संबंध नाही. आणि हा फंड क्रूसाठी, म्हणजे रेटिंगसाठी (ऑफिसर नसलेल्या खलाशांसाठी) आहे, डेक ऑफिसर आणि इंजिनिअर त्यात धरत नाहीत, म्हणून एखाद्या कॅप्टनला विचारून त्याच्यावर जाऊ नका. एक लक्षात घ्या, हा फंड आहे, पेन्शन नाही. ईपीएफमध्ये दहा वर्षं भरली की महिन्याला थोडंफार येतं तसं इथं नाही, आपला आणि कंपनीचा हिस्सा व्याजासकट एकदम मिळतो आणि विषय संपला.

करायचं काय, तर एका रविवारी अण्णांना घेऊन बसा, सगळ्या सीडीसी काढा, जुन्या रद्द झालेल्या पण, आणि वहीत लिहा: जहाज, कंपनी, साइन ऑन तारीख, साइन ऑफ तारीख. मग वेज स्लिप (पगाराच्या पावत्या) जितक्या सापडतील तितक्या जोडा आणि कुठल्या स्लिपवर पीएफ कापलाय ते बघा. फॉरेन फ्लॅगला सरसकट नियम नाही, कंत्राट कुठल्या युनियनच्या करारावर होतं त्यावर पीएफ, ग्रॅच्युइटी ठरते. मी माझी वही केली तेव्हा एका कंपनीचे दोन कॉन्ट्रॅक्ट खात्यात दिसतच नव्हते, स्लिपवर मात्र पैसे कापलेले. कंपनी आता दुसऱ्याच नावानं चालते. स्लिप होत्या म्हणून भांडता आलं, आठ महिने लागले पण मिळाले. बायको तो पत्र्याचा डबा रद्दीत घालायला निघाली होती हे वेगळंच.

सांगलीची_टॅक्सवाली
एफडीचं मी सांगते, माझ्याकडे दोन-तीन जहाजवाले क्लायंट आहेत आणि सगळे हीच चूक करतात. अण्णा कायमचे घरी आले म्हणजे आता ते एनआरआय राहिले नाहीत, एनआरई खातं साधं निवासी करून घ्यायचं असतं आणि बँक ते स्वतःहून विचारत नाही, तुम्हीच जाऊन लिहून द्यायचं. एनआरईचं व्याज टॅक्स फ्री असतं ते परदेशी निवासी असेपर्यंतच. आपोआप रिन्यू होत राहिलं आणि यांनी रिटर्नमध्ये दाखवलं नाही की नोटीस येते. डॉलरमधली एफसीएनआर (एनआरआयची परकीय चलनातली एफडी) असेल तर ती मुदत संपेपर्यंत तशीच ठेवता येते, मोडायची घाई नको.

ते झालं की पोस्टाची सीनियर सिटिझन योजना. ६० पूर्ण पाहिजे आणि निवासी पाहिजे, एनआरआयला उघडता येत नाही, म्हणून आधी बँकेचं काम. एका माणसाला ३० लाखांपर्यंत, ५ वर्षं, व्याज दर तिमाहीला. ८.२ टक्क्यांनी घातले तर ३० लाखांवर तिमाहीला ६१,५०० येतात. उघडताना जो दर असेल तो पाच वर्षं तसाच राहतो. आईचं वय ६० असेल तर तिच्या नावानं वेगळं. सगळे पैसे मात्र त्यात घालू नका, मधे काढले तर कपात आहे.

पतसंस्थेचं मेव्हण्यांना राग येईल पण सांगते, बँक बुडाली तर ५ लाखांपर्यंत विमा आहे, सहकारी बँकेला सुद्धा, पतसंस्थेला तो नाही. सांगलीत राहून हे कुणी कुणाला समजवायची गरज नाही.

कवठ्याची_ताई
माझे मिस्टर जहाजावर ऑईलर (इंजिनरूममधले खलाशी) होते, २०१९ ला गेले. वही, स्लिप सगळं होतं, पण नॉमिनेशन लग्नाआधीचं, सासूबाईंच्या नावावर, आणि सासूबाई त्यांच्या आधी गेलेल्या. वारस दाखल्यासाठी कोर्टात फेऱ्या, वर सीडीसीवर नाव 'बाळासो' आणि आधारवर 'बाळासाहेब', तर ऑफिसवाले म्हणायचे ही दोन माणसं कशावरून नाहीत. शेवटी गॅझेटमध्ये नावबदल करायचा तर माणूसच नाही, मग प्रतिज्ञापत्र, तलाठ्याचा दाखला असं करत करत झालं. तुमचे वडील आहेत तोवर सीडीसी, आधार, पॅन, पासबुक चारी ठिकाणी नाव एकसारखं आहे का ते आजच बघा हो. आणि नॉमिनी पीएफला वेगळा, बँकेला वेगळा, प्रत्येक ठिकाणी वेगळा भरायचा असतो.

तासगावचा_पोरगा
ताई, आत्ताच बघितलं, सीडीसीवर आजोबांचं नाव 'ज्ञानू' आहे आणि आधारवर 'ज्ञानदेव'. झालं का.
स्लिपा निम्म्याच सापडल्या, बाकीच्या पोटमाळ्यावर बेदाण्याच्या बॉक्समध्ये आहेत म्हणतात अण्णा. आणि बागेचं काय, कुणी बोललंच नाही.

इंजिनरूम_सातारा
बागेचं काय बोलणार, बोसनला विचारा, हवामान त्यांना कळतं. फक्त पोस्टाचं खातं उघडून पहिलं व्याज हातात पडल्यावर विचारा, आधी नको. आणि ते बॉक्स उतरवताना सीडीसी भिजू देऊ नका, शिक्के पुसले की मुंबईला नुसत्या फेऱ्या होतात.