प्रतिसाद : पालकांची निवड आणि साताऱ्यातील शाळा

पालकांना शाळा निवडीचा हक्क देणे म्हणजे खासगी इंग्रजी शाळांची वाट मोकळी करणे, असे मत या चर्चेत मांडले गेले आहे. ते मला अपुरे वाटते. निवड खरी तेव्हाच ठरते, जेव्हा गावातली शाळाही निवडावीशी वाटते. आमच्या सातारा तालुक्यातील कुमठे बीटमधल्या (बीट म्हणजे शिक्षण विभागाने केलेला शाळांचा गट) जिल्हा परिषद शाळांनी नेमके हेच साधले. तिथल्या शिक्षकांनी ज्ञानरचनावादी, म्हणजे मूल स्वतःच्या अनुभवातून ज्ञान घडवते असे मानणारी, पद्धत वर्गात उतरवली, फरशीवर अक्षरे आणि आकडे आखून मुलांना स्वतः हाताळत शिकू दिले, आणि ते पाहण्यासाठी राज्यभरातून शिक्षक येऊ लागले. फलटणच्या कमला निंबकर बालभवनाने मराठी माध्यमात राहूनच प्रयोगशील शिक्षणाचा पर्याय उभा केला, याचेही मला मोठे अप्रूप आहे.

ही परंपरा इथे जुनीच आहे. कर्मवीर भाऊराव पाटील यांनी १९१९ मध्ये कऱ्हाड तालुक्यातील काले येथे रयत शिक्षण संस्थेची स्थापना केली, ती रयतेच्या आधारावरच वाढली.

आज पालकांच्या हाती कायदाही आहे. शिक्षण हक्क कायदा, २००९ नुसार शासकीय आणि अनुदानित शाळांच्या व्यवस्थापन समितीत किमान तीन चतुर्थांश सदस्य पालक आणि निम्म्या महिला असाव्या लागतात, आणि शासकीय शाळेचा विकास आराखडा हीच समिती तयार करते. अनेक गावांत या बैठका केवळ सह्यांपुरत्या उरतात, हे खरे; पण जिथे आया प्रश्न विचारू लागतात, तिथे शाळेला उत्तरे द्यावीच लागतात. म्हणून निवडीच्या या चर्चेत खासगी शाळांत वंचित व दुर्बल घटकांतील मुलांसाठी असलेल्या प्रवेशाच्या २५ टक्के राखीव जागांइतकेच महत्त्व या समितीलाही द्यावे, अशी माझी आग्रहाची विनंती आहे.