सावजी मसाल्याचे नाव आणि लोगो : ट्रेडमार्कसाठी आधी काय करावे?

प्रश्न : गृहउद्योजिका, महाल, नागपूर

नमस्कार. माझ्या जाऊबाई आणि मी 2017 पासून सावजी मसाला आणि लोणची करून विकतो. सुरुवातीला ओळखीच्या खानावळींना सुटा माल जात असे. आता इतवारीतील घाऊक व्यापाऱ्यांमार्फत आमची पाकिटे भंडारा, वर्ध्यापर्यंत पोचतात. आमच्या आजेसासूबाईंचे घरातले नाव आणि त्यापुढे 'सावजी मसाले' असे आमचे नाव आहे. गेल्या दिवाळीपासून बाजारात दुसरेच एक पाकीट आले आहे. नावात केवळ एका वेलांटीचा फरक, तसाच लाल रंग आणि पाटा-वरवंट्याचे चित्रही त्याच कोपऱ्यात. गिऱ्हाईक ते आमचे समजून नेते आणि चव बिघडल्याची तक्रार आमच्याकडे करते, याचे फार वाईट वाटते. आमच्याकडे उद्यम नोंदणी, जीएसटी आणि अन्न परवाना आहे. एवढ्याने नाव सुरक्षित होत नाही का? नोंदणी करायची झाल्यास आधी नावाची करावी की लोगोची?

उत्तर : ट्रेडमार्कची कामे पाहणारा वकील, सिव्हिल लाइन्स

ताई, तुम्ही सांगितलेले परवाने धंदा करण्यासाठी लागतात. त्यांनी नावावर हक्क मिळत नाही. तो 1999 च्या ट्रेडमार्क कायद्याखालील नोंदणीने मिळतो आणि काही प्रमाणात आधीपासूनच्या वापरानेही मिळतो. कलम 34 प्रमाणे, समोरच्याने तुमच्या आधी नोंदणी मिळवली, तरी त्याच्या वापराच्या आणि नोंदणीच्या आधीपासून तुम्ही ते नाव अखंड वापरत असाल, तर तो तुम्हाला थांबवू शकत नाही. मात्र तो वापर कागदावर सिद्ध व्हावा लागतो, म्हणून माझ्या मते अर्जाच्याही आधीचे काम म्हणजे जुनी कागदपत्रे गोळा करणे. छापखान्याचे पहिले बिल, पहिली छापील पाकिटे, प्रदर्शनातील गाळ्याच्या पावत्या आणि वर्षवार विक्रीची बिले शोधा. ज्या बिलावर फक्त 'मसाला 20 किलो' एवढेच लिहिले आहे, त्याने विक्री सिद्ध होते, नावाचा वापर नाही. ज्यांवर तुमचे नाव छापलेले आहे, ती बिले वेगळी काढा. अर्जात 2017 पासूनचा वापर नमूद करायचा, तर त्यासोबत प्रतिज्ञापत्र आणि हे पुरावे जोडावे लागतात.

'सावजी' हा शब्द नागपुरातील कितीतरी भोजनालये आणि मसालेवाले वापरतात. तो एकट्या तुमचा होणार नाही, आणि खरे तर तो कोणा एकाचा होऊही नये. व्यापारात सर्रास वापरल्या जाणाऱ्या अशा भागावर कलम 17 स्वतंत्र हक्क देत नाही. म्हणून आधी केवळ आजेसासूबाईंच्या नावाचा शब्दचिन्ह (चित्राशिवाय नुसती अक्षरे) म्हणून अर्ज करा. अक्षरांचे वळण उद्या बदलले तरी ते संरक्षण टिकते. लोगोचा दुसरा अर्ज सवडीने करावा, आणि तो काळ्या-पांढऱ्यात करावा, कारण रंगाची मर्यादा न घातलेले चिन्ह सर्व रंगांसाठी नोंदले गेले असे कायदा मानतो.

ट्रेडमार्कसाठी मालाचे क्रमांकित वर्ग आहेत; मसाले वर्ग 30 मध्ये आणि लोणची वर्ग 29 मध्ये येतात. व्यक्ती किंवा लघुउद्योग म्हणून ऑनलाइन अर्जाला दर वर्गामागे 4,500 रुपये शुल्क आहे, इतरांना 9,000. तुमची भागीदारी संस्था असल्यास ही सवलत मिळवण्यासाठी उद्यम प्रमाणपत्र जोडा.

उत्तर : पॅकेजिंगचे डिझाइन करणारी, धरमपेठ

लोगो कोणी काढून दिला होता? बाहेरच्या चित्रकाराला पैसे दिले म्हणजे चित्राचा कॉपीराइट आपोआप तुमचा झाला, असे समजू नका. तो लेखी करारानेच हस्तांतरित होतो, आणि करारात मुदत लिहिली नसेल तर ती पाच वर्षेच धरली जाते. लोगोचा अर्ज करण्यापूर्वी त्या चित्रकाराकडून मुदतीचा स्पष्ट उल्लेख असलेला कागद सही करून घ्या.

उत्तर : पापड-शेवयांचा उद्योग, सक्करदरा

अर्ज भरला म्हणजे काम संपले असे होत नाही. ट्रेडमार्क कार्यालय अर्ज तपासून परीक्षण अहवाल देते; त्यात आक्षेप आला, तर 30 दिवसांत उत्तर द्यावे लागते. हा अहवाल ईमेलवर येतो, त्यामुळे अर्जात तो भरणाऱ्या एजंटाच्या सोबत स्वतःचाही ईमेल अवश्य द्या. त्यानंतर चिन्ह ट्रेडमार्क कार्यालयाच्या जर्नलमध्ये प्रसिद्ध होते आणि चार महिन्यांत कोणीही हरकत घेऊ शकते. नोंदणी अर्जाच्या तारखेपासून दहा वर्षे चालते आणि पुढे नूतनीकरण करता येते. नोंदणी होईपर्यंत नावापुढे 'टीएम' (ट्रेडमार्क) लिहिता येते, पण वर्तुळातला 'आर' नोंदणीपूर्वी छापणे कायद्याने चालत नाही. आपल्याकडे सिव्हिल लाइन्समध्ये राजीव गांधी राष्ट्रीय बौद्धिक संपदा व्यवस्थापन संस्था आहे. तेथे प्रशिक्षण मिळते; अर्ज मात्र मुंबईच्या ट्रेडमार्क कार्यालयाकडे, ऑनलाइन जातो.

प्रश्नकर्तीचे उत्तर

सर्वांचे मनापासून आभार. छापखान्याचे जुने बिल सापडले असून त्यावर नाव स्पष्ट आहे. नोंदणी होईपर्यंत त्या पाकिटाविरुद्ध काहीच करता येणार नाही का?

उत्तर : वकील, सिव्हिल लाइन्स

करता येईल. नोंदणी नसतानाही, आपला माल दुसऱ्याचा म्हणून खपवणाऱ्याविरुद्ध दावा चालतो, आणि त्यात नावासोबत पाकिटाची एकूण ठेवणही पाहिली जाते. त्याचा माल इतवारीत विकला जात असल्याने दावा नागपूरच्या जिल्हा न्यायालयात दाखल करता येईल. त्याचे एक पाकीट आजच बिलासह विकत घ्या, ते न फोडता जपून ठेवा, आणि तक्रार करणाऱ्या गिऱ्हाइकांचे संदेश पुसू नका. नोटीस त्यानंतर पाठवू.