दहापैकी किती दुखतंय?

बोळातला:
परवा विसर्जनाच्या रात्री तीन वाजता मुतखड्याने मला उठवलं. घर लक्ष्मी रस्त्याच्या मागच्या बोळात. बाहेर ढोल, रस्ते बंद, रिक्षा मिळायची सोयच नाही. भावाने गल्लीबोळांतून स्कूटरवर नेलं. वाटेत मी त्याचा खांदा चावला असं तो म्हणतो.

कॅज्युअल्टीत सिस्टरचा पहिला प्रश्न, "काका, दहापैकी किती दुखतंय?" (मी चाळिशीतला. ते 'काका' वेगळंच दुखलं.) शून्य म्हणजे काहीच नाही, दहा म्हणजे कल्पनेतलं सगळ्यात भयंकर दुखणं. माझी कल्पना दाढदुखीच्या पलीकडे कधी गेलेली नव्हती. दहा म्हणावं तर नाटक वाटणार, आणि अजून वाढलं तर पुढचा आकडा कुठून आणू? म्हणून "साडेआठ" म्हणालो. दीड मार्क कुठे कापला ते मलाही ठाऊक नाही. तिने साडेआठ लिहून घेतले आणि बाकावर बसायला सांगितलं.

बसवत होतं कुठे? येरझाऱ्या घालत होतो. डॉक्टरांनी कागद पाहिलाच नाही, माझी तळमळ पाहूनच म्हणाले, "स्टोन असणार. अपेंडिक्सचा पेशंट हलायला घाबरतो, खड्याचा एका जागी टिकत नाही." इंजेक्शननंतर अर्ध्या तासाने माणसात आलो. सोनोग्राफीत खडा निघाला ४ मिलिमीटर. आपोआप पडेल, भरपूर पाणी प्या, म्हणाले.

तुमचं असं अचानक उसळलेलं दुखणं कोणतं? ते समोरच्याला कसं सांगितलंत? लिहा. औषधं मात्र सुचवू नका.

दोन लेकरांची आई:
दोन बाळंतपणं आणि एक मुतखडा, तिन्ही सोसून सांगते, खडा जास्त. बाळंतकळांमध्ये मधे श्वास तरी घेता येतो, आणि शेवटी हातात काय येणार ते माहीत असतं. सासूबाई म्हणाल्या, "आमच्या वेळी नव्हतं हो असलं काही." विषय संपला.

जुना वाचक:
दुखणं मोजायचा खटाटोप जुना आहे. १९४० च्या दशकात अमेरिकेत कॉर्नेलच्या संशोधकांनी कपाळावर दिव्याची उष्णता टाकून 'डॉल' नावाचं एकक काढलं होतं. बाळंतकळा सोसणाऱ्या बायकांच्या हातांनाही चटके देऊन पाहिले! इतरांना तसे आकडे मिळेनात, आणि ते एकक मागे पडलं. १९७५ मध्ये मॅकगिल विद्यापीठातल्या रोनाल्ड मेल्झॅक यांनी शब्दांची वाट धरली. ७८ शब्दांची यादी, त्यातले आपल्याला लागू पडणारे रुग्णाने निवडायचे.

आपल्याकडे अशा यादीला काय तोटा? दाढ ठणकते, गळू ठसठसतं, पोटात मुरडा येतो, डोळ्यांची आग होते, पाठीत चमक निघते, कंबरेत उसण भरते. 'पोटात उसण भरली' म्हणून पाहा, घरातली आजी लगेच चूक काढेल. मी डॉक्टरांकडे आकडा सांगतच नाही. "ठणका आहे, कळ नाही" एवढं म्हणतो, त्यांना पुढचं कळतं.

कोथरूडकर:
आईला नागीण झाली होती. पुरळ उठायच्या आधी तीन दिवस ती म्हणत होती, बरगडीवरून कुणीतरी तापलेली तार ओढतंय. आम्हाला वाटलं, गॅसेस. मग फोड आले, आणि शेजारच्या काकू रोज विचारायला, तोंड शेपटीला मिळालं का? ते मिळालं की माणूस जातो म्हणे. डॉक्टरांनी समजावलं, कांजिण्यांचा विषाणू वर्षानुवर्षं मज्जातंतूच्या मुळाशी दबून असतो आणि उठला की त्याच तंतूच्या पट्ट्यात फोड आणतो, म्हणून सहसा अंगाच्या एकाच बाजूला.

फोड सुकले, दुखणं राहिलं. चार महिने पदर नुसता लागला तरी ओरडायची. तपासणीत आकडा विचारला की आई उलट विचारायची, "पदरासकट की पदराशिवाय?"

पेठी:
आमच्याकडे उलट. बाबा दुपारी १ ते ४ मध्ये कुणासाठी उठत नाहीत. त्या दिवशी अडीचला उठून बसलेले, बनियन घामाने चिंब. दुखतंय का? "नाही. जड वाटतंय जरा." किती? "दोन." मी १०८ ला फोन लावला तर माझ्यावरच चिडले. ईसीजीत हार्ट ॲटॅक. वीस वर्षांचा मधुमेह असला की छातीत कळ येईलच असं नाही, हे तेव्हा कळलं. आता ठणठणीत आहेत. परवा पुन्हा विचारलं, तरी "दोनच होतं" म्हणाले.

धनकवडीचा बाबा:
मुलगा पाच वर्षांचा, हात मोडलेला. त्याला चेहऱ्यांचा तक्ता दाखवला, हसऱ्यापासून रडक्यापर्यंत. रडत रडत त्याने हसऱ्यावर बोट ठेवलं. "मला हा पाहिजे," म्हणाला.

बोळातला:
नवव्या दिवशी खडा पडला. गाळणीत धरला (नवीन आणली होती, चहाची नाही). तपासणीला द्यायचा म्हणून डबीत ठेवलाय. बायको माहेरून आली, चष्मा लावून पाहिला आणि म्हणाली, "एवढासाच?"