फ्रीबीएसडीने लॅपटॉपवाल्यांच्या मागे लागावं का?

शनिवारपेठी (धागाकर्ता)
ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी: बर्कले विद्यापीठाच्या युनिक्स या जुन्या सिस्टिममधून निघालेली फ्रीबीएसडी ही खुली, फुकट ऑपरेटिंग सिस्टिम १९९३ पासून चालू आहे. नेटफ्लिक्सचे व्हिडिओ पाठवणारे सर्व्हर तिच्यावर चालतात, प्लेस्टेशन ४ ची सिस्टिम तिच्यातूनच घडली. घरच्या कॉम्प्युटरवर मात्र ती क्वचितच दिसते.

२०२४ मध्ये फ्रीबीएसडी फाउंडेशनने लॅपटॉपसाठी साडेसात लाख डॉलरचं काम जाहीर केलं. वायफाय, आवाज, ग्राफिक्स, झाकण मिटल्यावर मशीन झोपणं, सगळं त्यात आलं. इन्स्टॉलरमधूनच केडीईचा डेस्कटॉप (खिडक्या-चिन्हांचा तयार पडदा) बसवता यावा असाही प्रयत्न चाललाय. मला ही दिशाच पटत नाही.

फ्रीबीएसडीत कर्नल (सिस्टिमचा गाभा) आणि रोजची साधनं एकाच जागी, एकाच शिस्तीत वाढतात. हँडबुकात जे लिहिलंय ते मशीनवर तसंच सापडतं. ही शिस्त मोजक्या माणसांनी जपलीय. लॅपटॉपचं काम कधी संपत नाही, दरवर्षी नवी चिप येते. ग्राफिक्सचे ड्रायव्हर (चिप चालवणारे प्रोग्राम) आजही लिनक्स या दुसऱ्या खुल्या सिस्टिमकडूनच आणावे लागतात, म्हणजे आपण कायम मागे. फ्रीबीएसडीचं भावंड असलेल्या ओपनबीएसडीने २०१४ मध्ये ब्लूटूथचा कोड धड नव्हता म्हणून सरळ काढून टाकला. मला तो करारीपणा हवाय.

हिंजवडीकर
साफ असहमत.

इंटेलच्या वायफायला ८०२.११एसी या वेगवान वायफाय मानकाचा वेग फ्रीबीएसडीच्या १४.३ आवृत्तीत, जून २०२५ ला मिळाला. ते मानक २०१३ चं आहे! तोवर लोक काय करत होते? बीहाइव्हमध्ये (फ्रीबीएसडीच्या आत दुसरी सिस्टिम चालवायची सोय) छोटं लिनक्स चालवायचं, वायफाय कार्ड त्याच्या ताब्यात द्यायचं आणि त्याच्यामार्फत नेटवर जायचं. याला साधेपणा म्हणायचं का?

आणि जेल्स बघा. एकाच मशीनवर वेगवेगळे कप्पे करायची सोय फ्रीबीएसडीत २००० साली आली. डॉकर, म्हणजे लिनक्सवरची तशीच सोय, २०१३ चं. आज आमच्याकडे कामाला लागणारी मुलं डॉकर शिकूनच येतात, जेल्सचं नाव त्यांनी ऐकलेलं नसतं. चांगली गोष्ट आधी करूनही आपण मागे पडलो, कारण वापरणाऱ्याच्या हाताला ती सहज लागली नाही.

शनिवारपेठी
डॉकर पसरलं ते तयार इमेज (प्रोग्रामसकट भरलेला कप्पा) एका कमांडमध्ये खाली उतरवता येते म्हणून, आणि सर्व्हरवर लिनक्स आधीच बसलं होतं म्हणून. लॅपटॉपचा त्यात काय संबंध? जेल्स सोप्या करा, मी पहिला टाळ्या वाजवीन. तो पैसा तिकडे घाला.

कोथरूडच्या बाई
मी कॉलेजात ऑपरेटिंग सिस्टिम शिकवते. १४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा आधार संपला आणि धडधाकट लॅपटॉप घेऊन मुलं विचारायला लागली, "मॅडम, यावर काय टाकू?" मला मनापासून फ्रीबीएसडी सांगायची असते, कारण तिचा सोर्स (मूळ कोड) वाचून मुलगा खरंच शिकतो. पण मी लिनक्स सांगते. फ्रीबीएसडी बसवल्यावर समोर नुसत्या अक्षरांचा काळा पडदा येतो. डेस्कटॉप वेगळा टाका, देवनागरी फॉन्ट वेगळा, टंकायची सोय वेगळी. त्या काळ्या पडद्यावर मराठी जोडाक्षरं नीट उमटतही नाहीत. पहिल्या संध्याकाळी ज्याला आईला दोन ओळी मराठीत लिहिता आल्या नाहीत, तो दुसऱ्या दिवशी सोर्स उघडत नाही.

दादा, तुम्ही शिस्त जपणाऱ्या मोजक्या माणसांबद्दल बोलता. त्यांच्यानंतरची माणसं कुठून येणार?

रात्रपाळी
वायफाय आणि झोप हा काही लोकप्रियतेचा हव्यास नाही, ती मशीनची मूलभूत गरज आहे. नव्या लॅपटॉपांतून जुनी एस३ झोप (मेमरी तेवढी जागी, बाकी मशीन बंद) गेलीय. नवी पद्धत लिहिली नाही तर थोड्या वर्षांत फ्रीबीएसडी लिहिणाऱ्यांनाच ती स्वतःच्या लॅपटॉपवर चालवता येणार नाही. केडीईच्या पर्यायाला मात्र माझाही विरोध. डेस्कटॉप ज्याचा त्याने निवडावा.

कोथरूडच्या बाई
निवडायला आधी काहीतरी दिसावं लागतं. नको असेल त्याने खूण करू नये, इतकं सोपं आहे.

शनिवारपेठी
बाई, मराठीचा मुद्दा मला मान्य आहे, आणि तो वायफायपेक्षा मोठा आहे. फॉन्ट आणि टंकनाची पॅकेजं आजच आहेत, ती कशी बसवायची हे मराठीत लिहिलेलं नाही. त्याला डॉलर लागत नाहीत. तुमची मुलं लिहिणार असतील तर मी तपासून देतो.

रात्रपाळी, तुमची रेघ टिकणार नाही. आज वायफाय, उद्या ब्लूटूथ, परवा बोटाचा ठसा. प्रत्येक ड्रायव्हर पुढची कित्येक वर्षं कुणीतरी सांभाळायचा असतो, आणि देणगीचा पैसा एक दिवस संपतो.

हिंजवडीकर
संपतोच. म्हणून तर आधी वापरणारे वाढायला हवेत. सांभाळणारे त्यांच्यातूनच येतात. सर्व्हरवर बसलेल्या सिस्टिमचा आवाज बंद पडला तर कुणाला कळतही नाही, पण रोज समोर असलेल्या लॅपटॉपचा आवाज गेला की माणूस रात्री बसून दुरुस्त करतो.